जाचतं

जिल्हा न्यायालयाच्या भिंतीला लागून माझं टेबल,
सीबीएसचे भोंगे उजव्या कानात.
सव्वीस वर्षं. आधी रेमिंग्टन, आता कॉम्प्युटर.
‘छ’ची कळ दोन्हीकडे सगळ्यांत आधी झिजली.
“शारीरिक व मानसिक छळ”
हे बोटं आपापली लिहितात,
मी तेवढ्यात चहा सांगून घेतो.

झुंबर गांगुर्डे चांदोरीहून आली,
पिशवीत दवाखान्याची फाईल, लग्नातला एक फोटो.
मारतो का? नाही.
उपाशी ठेवतात? नाही, जेवते ना. शेवटी जेवते.
मग लिहू काय?
पदराखालून मानेशी हात नेत ती म्हणाली,
“जाचतं.”
मी थांबलेला पाहून पुढे म्हणाली,
“बैलाला जू कसं जाचतं.
मारत कुणी न्हाई. पण तिथले केस जातात.”

अर्जात जाचण्याला रकाना नाही.

चांदवडकर मास्तरांकडे मी मोडी शिकायचो,
रविवारी, तांबट आळीत, खाली हंड्यांवर ठोके पडत असताना.
पिवळ्या कागदावर बोट ठेवून ते म्हणायचे, वाच.
“रयतेस उपसर्ग न देणे.”
मला हसू फुटलं. उपसर्ग? प्र, परा, अप, सम्?
मास्तर हसले नाहीत.
शब्दाच्या तोंडाशी येऊन बसतो तो उपसर्ग, म्हणाले,
आणि दाराच्या तोंडाशी येऊन बसतो शिपाई, तोही.
आणि हाल म्हणजे नुसती स्थिती रे,
बरीवाईट, कशीही.
लोक विचारत गेले असतील, काय हाल?
उत्तरं ऐकून ऐकून शब्दच वाईट झाला.

झुंबरच्या फाईलवर डॉक्टरांचं अक्षर:
आजार – अशक्तपणा.
आजार आपल्याकडे फारसीतून आला.
तिकडे त्याचा अर्थ इजा, कुणी कुणाला दिलेली.
इथवर येता येता देणारा वाटेत गळला,
उरलं ते हिच्या अंगात उरलं.

रस्त्यावर कुणी बुलेटला किक मारली,
ती दचकली, खुर्चीसकट.
संस्कृतात त्रास म्हणजे भय.
हे मी परीक्षेसाठी पाठ केलं होतं.
पाहिलं आज.

मी टाइप केलं: सासरी मला जाच होतो, जुवासारखा.
शेवाळे वकील आले, उभ्या उभ्या वाचलं.
“जू-बिऊ काढा हो. कलमात बसलं पाहिजे.”
आणि गेले वरच्या मजल्यावर, दुसऱ्या तारखेला.
बोटांनी सवयीचं वाक्य घातलं. प्रिंट निघाला.

ओळीखाली बोट सरकवत तिने वाचलं,
सातवीपर्यंतचं वाचन, अक्षरागणिक श्वास.
“छळ म्हंजे कपटच ना? पोथीत असतं, छळकपट.”
हो, म्हणालो. जुना अर्थ तोच.
“मग हे खोटं हाये, दादा.
लपूनछपून त्यांनी काहीच केलं न्हाई.
ओट्यावर केलं. दिवसाउजेडी.
शेजारी द्राक्षाची कैची हातात धरून बघत व्हते.”

या शहराला नाव म्हणे एका कापलेल्या नाकावरून पडलं.
कापलं कसं, ते घाटावर रोज कुणी ना कुणी सांगतं.
तिला दुखलं ते
कुठल्या शब्दात गेलं, कुणास ठाऊक.

‘छळ’च्या मागे कर्सर लुकलुकत राहिला.
चांदोरीची बस पावणेपाचला होती.
“बाकी काय लिवायचं ते लिवा,” ती उठत म्हणाली,
“पण उघड्यावर, हे लिवा.”

बोटांना तो शब्द माहीत नव्हता.
कीबोर्डवर वाकून
मी एकेक अक्षर शोधत बसलो.